पिनवाले काका

आमच्या सोसायटीत कचऱ्याचे तीन प्रकार आहेत: ओला, सुका आणि 'काकांना विचारून'. तिसऱ्या प्रकारातली वस्तू डब्यापर्यंत पोचतच नाही. पिनवाले काका ती हातात घेतात, चष्मा कपाळावर चढवतात, वायरीचं टोक डोळ्यांजवळ नेतात, आतल्या पिना मोजतात आणि "चांगली आहे की!" म्हणून खिशात घालतात. वायर खरंच चांगली असते. ती ज्या यंत्राला लागते ते यंत्र भंगारात जाऊन दहा वर्षं झालेली असतात, एवढीच काय ती अडचण.

काकांना खरं नाव आहे. वीजबिलावर ते छापूनही येतं. पण त्या नावाने कोणी चौकशी करत आला, तर वॉचमन "इथे असं कोणी राहत नाही" म्हणून त्याला परत पाठवील. डोंबिवलीत ते पिनवाले काका आहेत. दुसऱ्या गावात, दुसऱ्या सोसायटीत त्यांना 'चार्जरवाले' म्हणत असतील, नाहीतर नुसतंच 'तिसऱ्या मजल्यावरचे'. पण असतात सगळीकडे. पासष्टी उलटलेली, सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर, आणि कॉम्प्युटरशी ओळख झालेली ती पाठीमागून. इतर लोक कॉम्प्युटरला पडद्यावरून ओळखतात. काका तो आधी फिरवून मागून बघतात आणि मगच त्याच्याबद्दल काय मत करून घ्यायचं ते ठरवतात.

काका एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. नव्वदच्या दशकात संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला. अध्यक्षांनी नारळ फोडला, संचालकांनी हार घातला, आणि फोटोसाठी टेबल थोडं पुढे ओढताना मागच्या सगळ्या वायरी निघाल्या. मशीन बसवून देणारा इंजिनियर तोपर्यंत ठाण्याच्या गाडीत बसलेला. काका टेबलाखाली शिरले. बाहेर आले तेव्हा मशीन चालू झालं होतं आणि सदऱ्याला जळमटं लागली होती. त्या दिवसापासून संस्थेत कर्ज हवं असेल तर मॅनेजरकडे आणि प्रिंट हवी असेल तर काकांकडे, अशी कामाची विभागणी झाली.

"त्यात माझी हुशारी कसली?" काका आजही सांगतात. "खोबणीच बोलायच्या, कोण कुठे बसणार ते."

आणि ते अगदी खरं आहे. त्या पेटीच्या पाठीवर एकासारखं दुसरं काही नव्हतं. कीबोर्डची खोबण गोल, पाच पिनांची. मॉनिटरची पंधरा छिद्रं, तीन ओळींत. माऊस नऊ पिनांवर, प्रिंटर पंचवीस छिद्रांत. खोबणीची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड, त्यामुळे उलटी पिन बसवू म्हटलं तरी बसायची नाही. दोन्ही बाजूंना स्क्रू. ते एकदा कसले की टेबल ओढा, नाहीतर अख्खं मशीन ओढा. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ मालिका काढली आणि तिच्याबरोबर कीबोर्ड-माऊसची छोटी गोल पिन आली, मॉनिटरचं व्हीजीएही तेव्हाचंच. नव्वदचं दशक संपता संपता प्रत्येक पोर्टला रंगही ठरवून दिले गेले: कीबोर्ड जांभळा, माऊस हिरवा, मॉनिटर निळा, प्रिंटर गडद गुलाबी. मग तर काका रजेवर असले तरी फोनवरून शिपायाला सांगायचे, "जांभळ्यात जांभळी घाल, हिरव्यात हिरवी," आणि डोंबिवलीतला ठेवीदार निर्धास्त व्हायचा.

त्या काळात सगळंच सुरळीत होतं असं मात्र नाही. माऊस कॉम-वनला आणि मोडेम कॉम-थ्रीला लावला की दोघंही आयआरक्यू चार या एकाच दाराने आत घुसू बघायचे, आणि माऊस हलवला की इंटरनेट तुटायचं. चालू मशीनचा कीबोर्ड निघाला तर नुसता परत लावून भागत नसे. मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागे, आणि तोपर्यंत केलेली नोंद गेलेली असे. काका हे सगळं विसरलेले नाहीत. सांगत नाहीत, इतकंच.

अशा या सुखी संसारात यूएसबी आली.

तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. म्हणणं असं की, कीबोर्डला वेगळं, माऊसला वेगळं, प्रिंटरला वेगळं पोर्ट कशाला? सगळ्यांना एकच चपटी पिन. एका जोडणीवर १२७ वस्तू लावा. काकांनी हे कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं आणि मासिक खाली ठेवलं. "एकशे सत्तावीस? आपल्या संस्थेत पंखे धरून तेवढ्या वस्तू नाहीत!" मग २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनरची यूएसबी वायर मशीनला लावली गेली आणि खुद्द बिल गेट्स यांच्या देखत पडदा निळा पडला. त्या निळ्या पडद्यावर काकांनी पुढची कित्येक वर्षं काढली. कोणी यूएसबीचं कौतुक सुरू केलं की काका फक्त "शिकागो" एवढंच म्हणायचे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅपलचा आयमॅक बाजारात आला. त्याने जुने सीरियल पोर्ट काढले, कीबोर्ड-माऊसचं जुनं पोर्ट काढलं, फ्लॉपीची फट काढली, आणि त्या जागी यूएसबी ठेवली. जग त्याच्या रंगीत पारदर्शक पाठीकडे बघत राहिलं. काकांनीही पाठच बघितली, आणि हळहळले. "फ्लॉपी नाही? मग माणसाने ताळेबंद घरी न्यायचा कसा?" काही वर्षांनी लोक पेन ड्राइव्हवर अख्खं ऑफिस घरी न्यायला लागले. पण तेव्हा काकांची तक्रार बदललेली होती. "पिनेला दोनच बाजू," ते म्हणायचे, "तरी पहिल्यांदा बसत नाही. उलटी करावी, तरी बसत नाही. खाली वाकून बघावं, तर पहिलीच बरोबर होती!"

काकांचं मन वळलं ते वेगाने नाही आणि सोयीनेही नाही. ते बडोद्याने वळवलं. यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे एक म्होरके अजय भट्ट, आणि हे भट्ट बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, हे काकांनी कुठेतरी वाचलं. काकांच्या आईचं माहेर बडोद्याचं. म्हणजे गायकवाड सरकारच्या गावातल्या माणसाने केलेली वस्तू! त्यात पुढे एका मुलाखतीत भट्टांनी पिनेच्या एकाच बाजूचं कारणही सांगितलं: कशीही बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट जवळपास दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता, आणि त्या किमतीत ती कोणी घेतली नसती.

"बघा," काका जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. "याला म्हणतात काटकसर. जरा मनगट फिरवावं लागतं, तर लोकांना केवढं दुःख!" तेव्हापासून यूएसबी घरातली झाली. शिकागोचं नाव पुन्हा निघालं नाही.

निवृत्तीच्या वेळी संस्थेने त्यांना शाल, श्रीफळ आणि रौप्यमहोत्सवाची कापडी पिशवी दिली. शाल काकूंकडे गेली. पिशवीत वायरी जमू लागल्या. नोकियाची जाड पिन, नोकियाची बारीक पिन, प्रिंटरची चौकोनी यूएसबी, जुन्या कॅमेऱ्याची मिनी, जुन्या फोनांची मायक्रो, आयफोनची तीस पिनांची चपटी पट्टी, छत्तीस पिनांची प्रिंटरकडची सेंट्रॉनिक्स. पिशवी भरली तेव्हा कपाटातला एक कप्पा मागितला गेला. मग दुसरा. काकूंच्या साड्या आता वरच्या दोन कप्प्यांत राहतात.

जे पिशवीत नाही त्यासाठी शनिवारी लॅमिंग्टन रोड. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि पुढे पायी. दुकानदार विचारतो, "मेल की फीमेल?" काकू हौसेने एकदाच बरोबर गेल्या होत्या. भर रस्त्यात आपला नवरा "एकीकडे मेल, एकीकडे फीमेल द्या, आणि एक जेंडर चेंजर पण घालून ठेवा" असं खणखणीत आवाजात सांगतो आहे, हे ऐकून त्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. येताना दादरपर्यंत त्या काकांच्या ओळखीच्या नव्हत्या.

पण पतसंस्थेला काका अजून लागतात, आणि याचं कारण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पावतीच्या तीन प्रती हव्यात: एक सभासदाला, एक फायलीला, एक ऑडिटरला. लेझर प्रिंटर कार्बनवर उमटत नाही. तिथे रिबिनीवर सुया आपटणारा प्रिंटरच लागतो. तो अजून धडधाकट आहे. त्याला हुकूम सोडणारा जुना डॉसमधला फॉक्सप्रो प्रोग्रॅमही धडधाकट आहे. मधला कॉम्प्युटर तेवढा दर काही वर्षांनी मरतो, आणि नव्याच्या पाठीला पंचवीस छिद्रांचं पोर्ट नसतं. यूएसबीचा प्रिंटर लावावा, तर प्रोग्रॅमला एलपीटी-वन सोडून दुसरा पत्ता माहीत नाही. मग संस्थेतला तरुण क्लार्क घाबऱ्या आवाजात फोन करतो.

"प्रिंटर शेअर केलास?" काका विचारतात.

"केला."

"नाव काय दिलंस?"

"आपलं... प्रिंटर."

"आता काळी खिडकी उघड. लिही: नेट, जागा सोड, यूज, जागा सोड, एलपीटी-वन..." पुढे उलट्या तिरप्या रेघा येतात. त्या कुठे एक आणि कुठे दोन, हे काका मंत्रपुष्पांजलीच्या ठसक्यात सांगतात. पलीकडे सुयांचा करकराट सुरू होतो. तो आवाज पूर्ण ऐकल्याशिवाय काका फोन ठेवत नाहीत.

या सगळ्याला पहिला खरा धक्का दिला तो भाचीने. ती हिंजवडीत नोकरीला. दिवाळीला आली ती नवा लॅपटॉप घेऊन. काकांनी रीतीप्रमाणे तो उचलला, फिरवला, उलटा केला, पुन्हा फिरवला.

"पोर्ट कुठायत?"

"हे काय मामा, दोन आहेत की. टाइप-सी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नाहीतच. यातच सगळं. चार्जिंग यातच, मॉनिटर यातच, हार्ड डिस्क यातच."

काकांनी लॅपटॉप अलगद खाली ठेवला. टाइप-सीबद्दल त्यांनी वाचलेलं होतं. ती २०१४ ची, चोवीस पिनांची, कशीही लावा, बसते. म्हणजे बडोद्याच्या माणसाने वाचवलेला खर्च पुढच्यांनी केला होता. अ‍ॅपलने २०१५ साली एकाच टाइप-सी पोर्टचं मॅकबुक काढलं आणि २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये हेडफोनचं छिद्र सोडलं तर जोडणीला दुसरं काही ठेवलंच नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पण अमेरिकेत काय चालतं ते वेगळं, आणि आपल्या बहिणीची मुलगी तसलं यंत्र घेऊन आपल्याच दिवाणखान्यात बसते ते वेगळं.

"मामा, तुमच्या कपाटात किती वायरी आहेत? माझ्याकडे एक आहे. फोन, लॅपटॉप, इअरफोन, सगळ्यांना तीच. युरोपात तर कायदाच झालाय. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकला जाणारा नवा फोन वायरीने चार्ज होत असेल तर टाइप-सीच पाहिजे. आयफोनसुद्धा २०२३ मध्ये वळला. कचरा किती कमी होईल!"

कचरा म्हटल्यावर काकूंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून भाचीकडे प्रेमाने पाहिलं.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती तुझी एक वायर दे बघू." त्यांनी ती घेऊन लॅपटॉप आणि शेजाऱ्यांचा नवा मॉनिटर यांच्यामध्ये लावली. दोन्हीकडे टाइप-सी. पिन दोन्ही टोकांना झोकात बसली. पडदा काळाच. उलटी करून लावली. काळाच. मग त्याच वायरीने हार्ड डिस्क लावून एक सिनेमा कॉपी करायला घेतला. चकल्यांचा एक घाणा तळून झाला तरी सिनेमा चालूच.

"ही चार्जरची आहे मामा, म्हणून. मॉनिटरला वेगळी लागते."

"दिसायला?"

"सारखीच."

काकांना हवं ते मिळालं. त्या दिवशी त्यांनी जे भाषण केलं ते सोसायटीत अजून गाजतं आहे. "आमच्या वेळी वेगळं काम, वेगळी खोबण. चूक करायची म्हटली तरी करता येत नव्हती. आता आकार एक आणि आतले गुण वेगवेगळे. एक वायर सेकंदाला ४८० मेगाबिट नेते, दुसरी ४० गिगाबिट. एक ६० वॉटवर थांबते, दुसरी २४० पर्यंत जाते. एकीतून चित्र जातं, दुसरीतून जात नाही. आणि बाहेरून? काही नाही! एसटी स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या काढून टाकायच्या आणि सांगायचं, बसा कुठल्याही गाडीत, सीटा सारख्याच आहेत!"

भाचीने समजूत घालायला सांगितलं की वेगाची नावं ठरलेली असतात, ती वाचून घ्यायची. ही तिची चूक झाली. कारण काकांनी नावांचाही अभ्यास केला होता. २००८ ची यूएसबी ३.०, तिचंच पुढे ३.१ जेन १ झालं. मग तिचंच ३.२ जेन १. वेग तिन्ही वेळा तोच, ५ गिगाबिट. "खातं तेच, शिल्लक तीच, आणि नाव तीनदा बदललेलं," काका म्हणाले. "पतसंस्थेत असं केलं असतं तर निबंधकांनी प्रशासक नेमला असता."

भाषणात काका जिंकले, हे भाचीने मान्य केलं. पण लॅपटॉप तिने तोच ठेवला, आणि जाताना फोन, लॅपटॉप, इअरफोन सगळं एका वायरीवर चार्ज करून गेली. हे काकांनी पाहिलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

पुनर्विकासाच्या सभेला मात्र सगळ्यांना पिशवी आठवली. बिल्डरचा माणूस चकचकीत लॅपटॉप घेऊन आला, आणि सोसायटीच्या हॉलमधला प्रोजेक्टर व्हीजीएचा. इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग, एलजी या मंडळींनी डिसेंबर २०१० मध्येच एकत्र जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करायचं. आमच्या प्रोजेक्टरच्या ते वाचनात आलं नव्हतं. काकांनी पिशवी सोडली. लॅपटॉपमधून टाइप-सी ते एचडीएमआय, त्यापुढे एचडीएमआय ते व्हीजीए, मग पिशवीच्या तळाशी जपलेली निळी व्हीजीए वायर. दोन्ही स्क्रू बोटांनी कसले. भिंतीवर तेवीस मजली टॉवर उभा राहिला. टाळ्या झाल्या. मग बिल्डरची फिल्म सुरू झाली आणि लक्षात आलं की आवाज नाही. व्हीजीएतून फक्त चित्र जातं. काकांना हे माहीत होतं. त्यांनी ते आधी का सांगितलं नाही, हे कोणी विचारलं नाही, कारण बिल्डर वीस मिनिटं नुसते ओठ हलवत होता आणि सभेला त्याचं म्हणणं पहिल्यांदाच पटत होतं.

त्या यशानंतर काका वायरी तपासायला लागले. सोसायटीतली प्रत्येक टाइप-सी वायर त्यांच्याकडून पास होऊन जाते. त्यांनी काकूंच्या मसाल्याच्या डब्यांसाठी आणलेली चिकटपट्टी घेतली आणि प्रत्येक वायरीला लेबल लावलं: 'चित्र जातं', 'फक्त चार्जिंग', 'सावकाश पण सज्जन', 'पाहुण्यांना द्यावी', 'भरवसा ठेवू नये'. कारखान्यातून निघताना जे छापायचं राहून गेलं ते काकांच्या अक्षरात आता आमच्या घराघरांत वाचायला मिळतं. तरुण मुलं आधी हसली. आता ऑनलाइन मागवलेली वायर ती खोक्यासकट काकांकडे घेऊन येतात.

लेबलं लावता लावता काकांच्या बोलण्यात एक बदल झाला. परवा कुणाच्या तरी फोनची जुनी मायक्रो यूएसबी हातात आली, तर म्हणाले, "ही शहाणी होती, पण नाजूक. टोक वाकायचंच." टाइप-सीचं टोक मात्र त्यांनी दोन बोटांत धरून बघितलं. "हिची बैठक चांगली आहे." २०२१ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोला एचडीएमआय आणि कार्डाची खोबण परत दिली तेव्हा काकांनी पेढे वाटले होते, घरात अ‍ॅपलचं एकही यंत्र नसताना. आता तो विषय काढला की म्हणतात, "एचडीएमआय बरं आहे, पण सीमधून चार्जिंगही होतं, हे विसरता कामा नये."

पिनवाल्या काकांना नव्याचा राग येतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. त्यांना राग येतो तो जे हाताला ओळखीचं झालंय ते काढून घेतल्याचा, आणि त्यांच्या हाताला कुठलीही वस्तू ओळखीची व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. यंत्र बनवणाऱ्यांना ती फेकून द्यायलाही साधारण तेवढीच वर्षं लागतात. त्यामुळे काकांचं प्रेम जुळायला आणि मालाने बाजारातून उठायला एकच मुहूर्त लागतो. पीएस/२ ची गोल पिन आली तेव्हा त्यांना पाच पिनांची मोठी हवी होती. यूएसबी आली तेव्हा गोल पिन हवी होती. टाइप-सी आली तेव्हा बडोद्याची यूएसबी.

या दिवाळीला भाची पुन्हा आली. बोलता बोलता म्हणाली, "मामा, युरोपच्या त्या कायद्यात एक गंमत आहे. फोन वायरीने चार्ज होत असेल तरच टाइप-सी लागते. उद्या कोणी नुसता वायरलेस फोन काढला तर त्याला एकही पोर्ट नसलं तरी चालेल. सगळीकडून बंद!"

काका ताडकन उठून बसले.

"एकही नाही? अरे, पण टाइप-सी काय वाईट होती?"

आत काकूंनी हे ऐकलं आणि वरच्या दोन कप्प्यांतला एक रिकामा करायला घेतला.